भिंतीकडे तोंड करून

५ नोव्हेंबर

माफ कर गं वही, फार उशीर झाला. भागवतने तुला खत-बियाण्याच्या दुकानातून आणलं तेव्हा जानेवारी होता. मी म्हणालो होतो, रोज लिहीन. मग तू फडताळातच राहिलीस, वर लोणच्याच्या बरणीचा गोल डाग घेऊन. सातवी शिकलेला माणूस मी, अक्षर असं की मलाच वाचता येत नाही. पण आज मन फार घाबरं झालं आहे आणि घरात सांगायची सोय नाही. बायकोला, सोजराला, सांगायला गेलो तर म्हणते, तुम्हाले तर आभाळात ढग आला तरी काळजी अन् नाही आला तरी काळजी.

तर सांगतो. करिष्मा, म्हणजे भागवतची बायको, आमची सून, तिला पाचवा महिना लागला आहे. आज गावच्या दवाखान्यात नर्सबाईने बोटाला सुई टोचून रक्त पाहिलं. साडेआठ! अकराच्या पुढे पाहिजे म्हणे. बाई म्हणाल्या, जानेवारीत पुन्हा पाहू. दहाच्या वर गेलं तर सातव्यात ओटी भरून खुशाल माहेरी पाठवा. नाही गेलं तर तिच्या माहेरी धामणगाव बढ्याला पाठवायचं नाही, बुलढाण्याच्या मोठ्या दवाखान्याजवळच ठेवायचं.

 घरी आल्यावर पोरगी गोठ्यात जाऊन रडली. पहिलं बाळंतपण, आईच्या हातचं. तिने तर पाळण्याची दोरीसुद्धा आईला सांगून ठेवली आहे.

रक्त कमी म्हणजे नेमकं किती कमी? निम्मं? बाईंना विचारायचं राहिलं. उद्या विचारतो.

६ नोव्हेंबर

विचारलं. बाई हसल्या. म्हणाल्या, घाबरू नका, खाऊ घाला. रोज हिरवी पालेभाजी, गूळ-शेंगदाणे, वरून लिंबू. लोहाची गोळी रोज. आणि गोळीवर चहा अजिबात नाही, चहाने गोळी अंगी लागत नाही.

घरी येऊन सांगितलं तर सोजराने डोक्याला हात लावला. गोळी कडू लागते म्हणून ती बिचारी सुनेला रोज गोळीसोबत गोड चहा देत होती. प्रेमाने! आता गोळीसोबत लिंबाचं सरबत.

भाजीचं काम मी घेतलं. विहिरीजवळ मेथीची सरी आहे, पालक आहे, चुका आहे. अजून दोन वाफे आजच टाकले. कंबर धरली. कंबर धरणं चांगलं नाही, पण चालेल.

१० नोव्हेंबर

रोज सकाळी टोपलंभर भाजी आणतो. सोजरा निवडते, करिष्मा फोडणी देते. लसणाचा वास रस्त्यापर्यंत जातो. संध्याकाळी मी आणि भागवत जेवायला बसलो की करिष्मा डोक्यावरचा पदर सावरत वाढते. मामाजी, अजून घ्या. मी नाही म्हणत नाही. घरातला म्हातारा आवडीने खातो हे दिसलं की बाकीचेही खातात, असं माझं मत आहे. दोनदा घेतली.

१४ नोव्हेंबर

पालक. मेथी. पालक. भागवत म्हणाला, बाबा, आपण शेळ्या हाओत काय?

१९ नोव्हेंबर

आज शेजारचा उकंडराव ओट्यावर बसून माझ्याकडे बराच वेळ बघत होता. मी विचारलं, काय बे? तर म्हणतो, "बुढ्या, तुये गाल काऊन लाल दिसून राह्यले? लग्न-बिग्न करतं काय?"

सगळे हसले. मला घोर लागला. गाल लाल म्हणजे रक्तदाब तर नाही? आरशात पाहिलं. आहेत खरे लाल. कमरेचा पट्टाही एक भोक सैल करावा लागला आहे. जीव हलका वाटतो, जिना चढताना दम लागत नाही. हे काही बरं लक्षण नाही.

२६ नोव्हेंबर

नर्सबाईंनी मधे एकदा दाखवायला बोलावलं होतं. करिष्मासोबत मीही गेलो, गालांचं विचारायला.

करिष्माचं रक्त तेवढंच. साडेआठ! इतकी भाजी आणून!

मी गालांचं सांगितलं तेव्हा बाईंनी माझंही बोट टोचलं. चौदा निघालं. बाई म्हणाल्या, या वयात असं रक्त मी गावात पाहिलं नाही. मग माझ्याकडे पाहिलं, करिष्माकडे पाहिलं, आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "बाबा, भाजी पोरीसाठी सांगितली होती. खाऊन कोण राह्यलं?"

करिष्माने मान खाली घातली. मी बाहेर येऊन दवाखान्यापुढच्या कडुलिंबाखाली बसलो.

घरी सोजराला विचारलं. तिने सरळ सांगितलं. टोपलंभर मेथी शिजून वाटीभर होते. ती आधी बाप-लेकाच्या ताटात जाते. मग मी ओट्यावर जातो, भागवत मोबाईल घेऊन बसतो, आणि चुलीजवळ बायांचं जेवण होतं. तेव्हा भाजी नसते. वरणाचं पाणी असतं, मिरचीचा ठेचा असतो. सोजरा म्हणाली, याच्यात नवीन काय आहे.

नवीन काही नाही. सून जेवताना सासऱ्याने चुलीकडे जायचं नसतं, म्हणून मी कधी गेलो नाही. मी आपला दोनदा घेत होतो.

२८ नोव्हेंबर

युक्ती केली. दुपारीच जाहीर केलं की पोटात दुखतं, भाजी सोसत नाही. माझ्या दुखण्यांवर घरात कोणी शंका घेत नाही, इतकी ती नेहमीची आहेत. सोजराने मऊ खिचडी केली. मी ओट्यावर बसून मनात खूश. आज पोरीच्या ताटात मेथी!

मग भागवतचा आवाज आला. आज भाजी उरली वाट्टे, अजून वाढ वं.

त्याला ओट्यावर बोलावून सगळं समजावलं. गडी चिखलीत ट्रॅक्टरची इंजिनं खोलून दुरुस्त करतो, पण हे त्याच्याही ध्यानात आलं नव्हतं. कान धरले त्याने. स्वतःचेच.

१ डिसेंबर

आज मी सांगून टाकलं. या घरात आता एकाच वेळी, एकाच ओळीत जेवायचं. ताटं एकदम वाढायची.

करिष्मा म्हणाली, नाही मामाजी. सोजरा म्हणाली, कायच्या काय बोलता. सासऱ्यासमोर सून कशी जेवील? तिला घास उतरेल का? मी म्हणालो, मी काही वाघ नाही. तरी पोरगी ताट घेऊन उभीच. घामाघूम झाली. जबरदस्ती करून रक्त वाढतं का? उलट आटायचं.

असेच सगळे उभे. वरण निवायला लागलं. मग मला सुचलं. मी माझा पाट उचलला, भिंतीला लावला आणि भिंतीकडे तोंड करून बसलो. म्हणालो, "पोरी, आता मी घरात नाही. जेव."

 मग सोजरा म्हणाली, "पाहा बरं, मास्तरनं उभं केलेल्या पोट्ट्यावानी दिसते म्हातारा." आणि करिष्मा हसली. मोठ्याने. लग्नाला दोन वर्षं झाली, मी तिचं हसणं पहिल्यांदा ऐकलं.

मग ताटात भाकर मोडल्याचा आवाज आला.

४ डिसेंबर

भिंतीवर कॅलेंडर आहे. वर एक पाल. एकादशी पाठ झाली, चतुर्थी पाठ झाली. मान थोडी दुखते. कोणाला सांगितलं नाही. हे एक दुखणं मी सांगणार नाही.

९ डिसेंबर

गंमत अशी की माझ्या तोंडाकडे पाहून ही पोरगी कधी बोलली नाही, पण पाठीशी भरपूर बोलते. आज म्हणाली, मामाजी, हरभऱ्याचा कोवळा पाला खुडून आणता काय, घोळाना करू. मी म्हणालो, आणतो. कच्चा पाला, कांदा, तिखट-मीठ, वरून कच्चं तेल. भाकरीसोबत काय लागला! तिच्या आईकडे त्यात भाजलेले शेंगदाणे कुटून टाकतात म्हणे. मग आईच्या घराचं सांगत राहिली. अंगणातल्या शेवग्याचं, धाकट्या बहिणीचं, तिथल्या बाजाराचं. जानेवारीत जायला मिळेल ना, हे मात्र बोलली नाही. मी भिंतीकडे पाहून मनातच म्हणालो, मिळेल.

गरम भाकरी सोजरा थापते आणि चुलीवरून एकेक फेकते. माझी पाठ असल्यामुळे भाकर अचानक खांद्यावरून ताटात येते. बरी नेमबाज आहे.

१६ डिसेंबर

घोटाळा झाला. काल संध्याकाळी उकंडराव विळा मागायला ऐन जेवणाच्या वेळी आला. दारातून पाहिलं तर मी भिंतीकडे तोंड करून जेवतोय आणि बाकीचे माझ्या पाठीमागे. विळा न घेताच परत गेला.

आज सकाळी पाहतो तर ओट्यावर चार शहाणे हजर. शंकररावांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. म्हणाले, घर म्हटलं की भांडण होते, पण म्हाताऱ्या माणसाचं तोंड भिंतीकडं करणं चांगलं नाही. आम्ही भागवतशी बोलतो.

मी सगळं सांगितलं. आधी खो-खो हसले.  शंकररावांची मुलगी बाळंतपणाला आली आहे. मग ते उठले, म्हणाले, जातो, घरी जरा काम आठवलं.

२४ डिसेंबर

ऐकतो की शंकररावही आता भिंतीकडे तोंड करून बसतात. त्यांच्या भिंतीवर टीव्ही आहे. नशीबवान माणूस.

३१ डिसेंबर

वही, तुझी तारखांची पानं संपली. शेवटी कोरी पानं आहेत, त्यावर लिहीन. वर्षभर तुला उपाशी ठेवली आणि आता कोंबतो आहे.

तपासणी जवळ आली. पोटात खरंच दुखतं आहे.

६ जानेवारी

साडेदहा!!

नर्सबाईंनी दोनदा पाहिलं, मी सांगितलं म्हणून. साडेदहा. म्हणाल्या, पाठवा माहेरी, गोळ्या मात्र चुकवू नका. करिष्माने तिथूनच आईला फोन लावला आणि दोघी रडत बसल्या. मी लिंबाखाली जाऊन बसलो. लिंबाखाली धूळ फार आहे, डोळ्यात जाते.

११ जानेवारी

आज ओटी भरली. हिरवी साडी, फुलांची वाडी, आणि सोजराने सगळ्या बायांना तिळाचे लाडू दिले. दुपारी करिष्माचे वडील हिंमतराव गाडी घेऊन आले. त्यांना मेथीची जुडी, पालक, हरभऱ्याचा पाला सगळं बांधून दिलं. ते म्हणाले, अहो, धामणगावातही भाजी मिळते. मी म्हणालो, असू द्या.

निघताना पोरगी पाया पडली. मग पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे पाहून बोलली. "मामाजी, आता भिंतीकडं बसू नोका, मान दुखते तुमची. अन् आत्याबाईच्या ताटाकडं पाह्यजा."

माझी मान दुखते हे तिला कसं कळलं? आणि जाताना माणसं म्हणतातच, सासूकडे लक्ष ठेवा वगैरे. मी हो म्हणालो.

घर रिकामं झालं. भागवतही पोचवायला गेला आहे.

१२ जानेवारी

सवयीने पाट भिंतीलाच लावला. सोजरा म्हणाली, आता कोनाले लाजता? तेव्हा वळून बसलो.

आणि पाहिलं. ती चुलीजवळ होती. तिच्यासमोर ताटच नव्हतं. मेथीची कढई मांडीवर घेऊन भाकरीच्या तुकड्याने रिकामी कढई पुसत होती. भाजी सगळी माझ्या ताटात.

मी म्हणालो, हे काय? एका ओळीत जेवायचं ठरलं होतं ना? ती म्हणाली, भाकरी थापायला कोणी पाहिजेच की. पोरीच्या वाट्याची भाजी पोरीच्या ताटात गेली पाहिजे म्हणून ती आपल्या वाट्याचीही तिलाच वाढत होती. इतके दिवस माझ्या पाठीमागे हे चाललं होतं. आणि मला वाटत होतं, सगळे जेवतात.

१५ जानेवारी

नर्सबाईंकडे सोजराला ओढत नेलं. पावणेआठ. करिष्माचं कधी इतकं कमी नव्हतं. उद्या भागवत गाडी काढतो आहे, चिखलीच्या डॉक्टरांना दाखवतो.

आज भाकरी मी थापल्या. कुठल्याही नकाशात बसणार नाहीत अशा झाल्या. भाजी आधी तिच्या ताटात वाढली. तर ही बाई ताट घेऊन उठली, पाट भिंतीला लावला आणि भिंतीकडे तोंड करून बसली! म्हणते, तुमच्यासमोर आधी कधी जेवली नाही, मले लाज वाटते.

जेवली मात्र. दोनदा घेतली. मी ऐकलं.

करिष्मा पोरी, तू ही वही वाचणार नाहीस, म्हणून उद्या भागवतला हेच फोनवर विचारायला लावतो. हिला इकडे वळवायचं कसं? लवकर कळव.