हौद काढून टाका

मंगळवार, संध्याकाळ. पुंडलिकनगर

अजून डोकं तापलेलंच आहे. सातवीच्या इतिहासासाठी मी केलेला संगणकावरचा खेळ आज मुख्याध्यापकांनी पाहिला. मुलांनी मातीचे नळ जोडायचे, योग्य उतार देऊन डोंगरातलं पाणी जुन्या नहरीतून, म्हणजे जमिनीखालच्या कालव्यातून, शहरात आणायचं. शेवटी मशिदीतला हौद भरला की जिंकले.

"मॅडम, खेळ लई भारी. तो हौद तेवढा काढून टाका. पालक उगाच विचारतात."

"मग पाणी जाईल कुठं, सर?"

"एखादं कारंजं दाखवा. पोरांना काय कळतंय?"

कळतं की. काल वर्गात खेळताना सानियानं त्याच हौदावर बोट ठेवलं होतं. "मॅडम, हमारे अब्बा इधरच वजू करते!" मग कधी तोंड न उघडणारी ती मुलगी अख्ख्या वर्गाला सांगत सुटली, पाणी किती गार असतं, नमाजाआधी कसं धुतात, आधी हात, मग तोंड, मग पाय. तिला आता कारंजं दाखवू?

आणि मी सरांना काय म्हणाले? "बघते." स्वतःचा राग येतोय तो यामुळेच.

आत्ता खेळ सरांना पाठवून दिला. हौद तसाच ठेवलाय. खाली एकच ओळ लिहिली: हौद काढायचा असल्यास कारण लेखी द्यावं, खेळाच्या शेवटच्या पायरीवर हौदाच्या जागी मुलांना तेच दाखवीन.