खोली किती?

सोमवार, ४
नवी नोकरी, खिडकीजवळचं टेबल, चहाचं मशीन हाकेच्या अंतरावर. आणखी काय हवं! आमची कंपनी संगणकावरचे खेळ बनवते. मॅडमच्या हाताखाली आम्ही दोघीच. एका सासूच्या दोन सुना, म्हणून दुसरीचं नाव मी मनातल्या मनात 'जाऊबाई' ठेवलं. खेळातल्या घरात प्रत्येक खोलीला पुढे दोन दारं, डावं नि उजवं. दारामागे एक तर पुढची खोली, नाहीतर काहीच नाही. घर किती खोल ते सांगणारा प्रोग्रॅम हवाय. खोली मोजायची, खोल्या नाहीत, असं मॅडमनी दोनदा बजावलं.

बुधवार, ६
जाऊबाईंनी लिहिलासुद्धा. प्रत्येक खोली आपल्या दोन्ही दारांना विचारते, खोली किती? मोठं उत्तर ठेवायचं, लहान टाकायचं, स्वतःची एक मिळवून मागे पाठवायचं. दारामागे काही नसेल तर उत्तर शून्य, आणि तिथूनच परत. माझ्याही डोक्यात हेच होतं, पण पाठ थोपटली तिची. जळफळाट झाला माझा, खोटं कशाला बोलू?

शुक्रवार, ८
ती जेवायला गेली तेव्हा तिची शून्याची ओळ खोडली. म्हटलं, सगळ्यांसमोर तोंडघशी पडेल. कसली पडते! प्रोग्रॅम थांबेना, आकडा वाढतच गेला, आणि मॅडम हरखल्या की एवढं खोल घर आपण बांधलं कधी. करायला गेले गणपती, झाला मारुती.

सोमवार, ११
आकडा चालूच. जाऊबाई रडवेल्या. तिच्या टेबलामागच्या भिंतीत दार आहे म्हणे, आतून कोणीतरी विचारतं, खोली किती. मला भिंतच दिसली. मॅडमनी तिला आपल्या केबिनमध्ये बसवलं. लाड, दुसरं काय!

मंगळवार, १२
ती नाही. पर्स खुर्चीवर, चहा अजून गरम. केबिनच्या भिंतीत दार — आज मलाही दिसलं. आतून तिचा आवाज, लांबून. रडत नव्हती. मोजत होती.

बुधवार
शून्याची ओळ परत घातली. आकडा थांबत नाही. मॅडम दिवसभर तिचंच नाव घेतायत, माझ्याकडे बघतही नाहीत —
माझ्या टेबलामागे दार.

वार माहीत नाही
खोलीमागून खोली. प्रत्येकीत दोन दारं, तोच प्रश्न. नुसतं शून्य म्हणायचं, की परत. शब्द जिभेवर आहे. पण मग मोठं उत्तर तिचं. तिचं ठेवतील, माझं टाकतील —
भिंतीपलीकडे तिचं मोजणं ऐकू येतंय. ती माझ्यापुढे एकच खोली. फक्त एक. एवढं एक दार उघडते, मग म्हणेन —