दोघांत एक गोळी

प्रति,
मा. किमान वेतन अधिकारी,
कामगार कार्यालय.

विषय : एका खाटेवरील दोन कामगार रोज थोडा वेळ एकत्र घरी असू शकतील इतके किमान वेतन ठरवण्याबाबत.

संदर्भ : १) आपले उत्तर, ‘क्षयरोग हा या कार्यालयाचा विषय नाही.’
२) दवाखान्याचे तोंडी उत्तर, ‘पगार हा आमचा विषय नाही.’

महोदय,

वरील दोन्ही उत्तरे बरोबर असल्याने हा अर्ज मधल्या जागेतून करीत आहे.

१. मी दिवसा लाँड्रीत चादरींना इस्त्री करतो व संध्याकाळी गाड्यांच्या तळावर पावत्या फाडतो. दोन्हीकडे किमान वेतन मिळते. एका वेतनात खोलीचे भाडे निघते. जेवायचे असल्यास दुसरे लागते. माझा खोलीभागीदार रात्री गोदामात हमाली करतो, सकाळी दुकानांच्या काचा पुसतो. खाट एकच. मी गेल्यावर तो येतो, तो गेल्यावर मी. किल्ली चौकटीवर असते. आम्ही एकमेकांना कधी पाहिलेले नाही. उशी कोमट लागली की तो आताच गेला, एवढी ओळख आहे.

२. मला क्षय झाला आहे. सिस्टर म्हणाल्या, “काका, गोळी घरच्या माणसासमोरच घ्यायची. घरी कोण असतं?” म्हटले, “असतो एक जण. पण मी असतो तेव्हा नसतो.” त्यांनी ‘एकटे’ असे लिहून घेतले.

३. सकाळचा अर्धा चहा मी थर्मासमध्ये त्याच्यासाठी ठेवतो. एकदा घाईत माझी गोळी तिथेच राहिली. रात्री दाराच्या आतल्या बाजूस खडूने लिहिलेले आढळले : ‘दादा, माझा खोकला तुम्हाला कसा कळला? घर सोडल्यापासून कुणी औषध काढून ठेवलं नव्हतं.’ दुसऱ्या दिवशी : ‘आजची विसरलात का?’ मला नाही म्हणवले नाही. तेव्हापासून एक दिवस तो, एक दिवस मी.

४. हे कळताच सिस्टर कडाडल्या, “अहो, अर्ध्या औषधानं रोग मरत नाही, मुरतो! उद्या दोघांनाही गोळी लागू पडायची नाही. त्याला तपासायला आणा.” तो तपासणीला आला तर खाडा, खाडा झाला तर खोली जाते. ‘ती गोळी तुझ्यासाठी नव्हती’ असे दारावर लिहिले आणि पुसले. माणसाला असे दारावरून सांगवत नाही.

सबब, एका कामात एक माणूस जगेल असे वेतन ठरवावे. मग आम्ही दोघे रात्री घरी असू. मी त्याला समोर बसवून खरे सांगेन, दवाखान्यात नेईन, आणि आपापली गोळी एकमेकांसमोर घेऊ.

त्या रात्री खाट पुरणार नाही. ती अडचण घेऊन आपल्याकडे येणार नाही.

उत्तराच्या प्रतीक्षेत, आपला नम्र,
लाँड्रीतला इस्त्रीवाला

दिनांक : पगाराच्या आधीचा दिवस

सोबत : छातीचा एक्स-रे, एक. दुसरा अजून काढायचा आहे.