दारापुढची बाज

आबा, परवा शिरूर कासारजवळ एका घराच्या जागेवर मी फक्कीनं खोल्या आखल्या. पाया खणायच्या आधी जमिनीवर खऱ्या मापाच्या पांढऱ्या रेघा ओढायच्या आणि घरच्या बाईच्या डोक्यावर पाण्याची घागर देऊन तिला दारापासून चुलीपर्यंत चालायला लावायचं, ही तुमची पद्धत. घर ज्यांचं होणार ते नवराबायको ऊसतोडीला जाणारे. बाई रेघांमधून चालली, चुलीच्या जागेवर थांबली आणि म्हणाली, "ताई, समदं बेस हाय. पर आमी तोडीवरून आल्यावर कोयते कुठं ठिवायचे? घरात बारकी लेकरं हायेत." माझ्या नकाशात कोयत्यांना जागाच नव्हती. तिथल्या तिथं एक रेघ पुसली आणि भिंतीत उंचावर कोनाडा धरला. तिचा नवरा खूश झाला. म्हणाला, "हे फक्कीचं कुठं शिकल्या तुमी?" मी म्हणाले, "कॉलेजात." आबा, सहज निघून गेलं तोंडातून. घरी आल्यापासून ते मला खातंय, म्हणून लिहायला बसले.

आपल्या घराची फक्की तुम्ही ओढलीत तो दिवस आठवतो. माजलगावात निम्म्या गल्लीची घरं तुमच्या हातची, आणि आपण मात्र पत्र्याच्या दोन खोल्यांत. मी आर्किटेक्ट होऊन आले तेव्हा तुम्ही जागा घेऊन ठेवली होती. मी तुम्हाला संगणकावर सगळं घर फिरवून दाखवलं, उंच छत, अंगणाकडे उघडणारं स्वयंपाकघर, समोरची कोरी विटांची भिंत आणि तिच्यात एकच उंच दार. तुम्ही बराच वेळ बघितलंत. मग म्हणालात, "लई झ्याक हाय. आता जिमिनीवर बघू." आईनं हसत हसत घागर घेतली आणि स्वयंपाकघर एका फेरीत पास केलं. मग तुम्ही रेघांच्या बाहेर गेलात, दाराच्या जागेवर येऊन उभे राहिलात आणि म्हणालात, "मी आता बाहेरचा माणूस हाय. कामावरून आलोय, पायाला सिमिट हाय. बसू कुठं?"

"आत या की, आबा."

"अशा पायानं? तुझ्या त्या आरशावानी फरशीवर? न्हाई, माय. दाराबाहेर एक ओटा काढ. दोन हाताचा. मी बांधतो, तुला तरास न्हाई."

मी ऐकलं नाही. ओट्यानं समोरची भिंत दिसायला तुटते, असं तुम्हाला समजावून सांगितलं. चाळीस वर्षं भिंती बांधणाऱ्या माणसाला भिंत म्हणजे काय ते मी सांगत होते. तुम्ही ओळंबा गुंडाळून खिशात टाकलात आणि मी सांगितलं तसंच घर बांधलंत, एक वीट इकडची तिकडे न करता. दाराबाहेर एक काळी पायरी आणि तिच्या दोन्ही बाजूंना पांढरे गोटे. आई त्यातले दोन-चार गोटे लोणच्यावर दाब म्हणून उचलून न्यायची आणि मी चिडायचे.

मी पुण्याला परत गेले आणि तुम्ही गोट्यांवर बाज आणून टाकलीत. संध्याकाळी तुमचे सोबतचे गवंडी यायचे, सिमेंटच्या पायांनी बाजेवर बसायचे, आतून चहा यायचा. आई फोनवर सांगायची, "दारात नुसता बाजार भरतोय." तुमचा आवाज मागून यायचा, खुशीतला.

मग घरांवरच्या एका मासिकाचे लोक घराचे फोटो काढायला येणार असं ठरलं. माझं पहिलंच घर छापून येणार होतं, मी हवेत होते. तुम्ही सकाळीच आंघोळ करून, कडक इस्त्रीचा सदरा घालून बाजेवर बसून होता. मी जवळ आले आणि म्हणाले, "आबा, फोटोवाले म्हणतायत, बाज काढावी लागंल." तुम्ही लगेच उठलात. "बरं, बरं. त्यांचं काम हाय ते." मी हात लावायच्या आधी बाज डोक्यावर घेतलीत आणि मागं पाण्याच्या टाकीशेजारी नेऊन टाकलीत. फोटो छान आले. भिंत अखंड दिसते.

बाज परत पुढं आली नाही. मी म्हटलं तर म्हणालात, "असू दे. मागं सावली हाय." तुमचे सोबती एकदा आले, दारात उभे राहिले. तुम्ही आत बोलावलंत. त्यांनी फरशीकडे बघितलं, आपल्या पायांकडे बघितलं, आणि काम आहे म्हणून निघून गेले, असं आईनं सांगितलं. नंतर तुम्ही एकटेच टाकीशेजारी बसायला लागलात.

तुम्ही गेलात त्या दिवशी मात्र सगळे आले. तिरडी बांधेपर्यंत बसायला जागा नव्हती, म्हणून म्हातारे गवंडी समोर रस्त्यावर उन्हात उकिडवे बसले. मी उंच दारातून त्यांच्याकडे बघत होते आणि मला रडायचीसुद्धा लाज वाटत होती.

आता तिथं ओटा आहे. दोन हातांचा. आई त्यावर मेथी निवडते. तुमच्या सोबत्यांपैकी कोणी येत नाही, आणि मी तरी कोणत्या तोंडानं बोलावू?

हा कागद मी आपल्या घराच्या नकाशाच्या गुंडाळीत ठेवणार आहे. एक सांगायचं राहिलंय. बाज काढा असं फोटोवाल्यानं म्हटलं नव्हतं. तुम्हाला बसलेलं बघून तो म्हणाला होता, "त्यांना तसंच बसू द्या, घर जिवंत वाटतंय." नको म्हणाले ती मी.