लारेच्या एका कपाबद्दल

मी, थेन लोरिन मॅडसन, वय सत्तेचाळीस, व्यवसाय रसायनशास्त्राचा शिक्षक, राहणार एफ्रम, युटा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदय तितकेसे नाही. त्याची एक झडप येत्या अकरा फेब्रुवारीला बदलायची आहे, आणि डॉक्टर "काळजी नको" असे जरा जास्तच वेळा म्हणाले, म्हणून हे लिहायला बसलो. माझ्यावर कोणाचा दबाव नाही, असे या ठिकाणी लिहायची पद्धत आहे. मीही लिहितो. ते पूर्ण खरे आहे का, याची मला शंका आहे. पण शंका असलेली वाक्ये खोडायला घेतली तर या कागदावर फार थोडे उरेल.

कलम १. सन २००९ मध्ये केलेले माझे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी स्वतःचे वर्णन "चर्चचा एकनिष्ठ सभासद" असे केले होते. मृत्युपत्रात ते लिहायची गरज नव्हती. कोणी विचारलेही नव्हते.

कलम २. राहते घर, त्यातील सामान, बँकेतील शिल्लक आणि परसाला येणारे पाटाचे पाणी माझी पत्नी शॉना हिला. पाण्याची पाळी मंगळवारी पहाटे असते. वरच्या अंगाचे शेजारी ऑर्विल पाटाचे दार बंद करायला विसरतात आणि आपली पाळी अर्धी त्यांच्या भोपळ्यांना जाते. बावीस वर्षे मी हे त्यांना सांगितलेले नाही. शॉनाने सांगावे.

शॉना अजून चर्चमध्ये मनापासून आहे. मी गेली चार वर्षे तिच्या शेजारी बाकावर बसतो, स्तोत्रे म्हणतो, आणि घरी येऊन गॅरेजमध्ये, आमच्यात बंदी असलेली कॉफी करून पितो. तिला ठाऊक नाही असे मी धरून चाललो होतो. मागच्या हिवाळ्यात ती जेवताना म्हणाली, "थेन, गॅरेजला हल्ली काहीतरी भाजल्याचा वास येतो रे." मी म्हटले, "हीटर असेल." ती म्हणाली, "हो, हीटरच असेल," आणि तिने मला बटाटे वाढले. त्या वाढण्याबद्दल मी तिचा ऋणी आहे आणि त्या उत्तराबद्दल मला लाज वाटते.

कलम ३. गॅरेजमध्ये गव्हाच्या डब्यांच्या मागे एक हातदळणी, एक किटली आणि कागदी गाळण्या आहेत. त्या कोणालाही द्याव्यात. गव्हाचे छत्तीस डबे, दूध पावडर आणि सुकवलेली सफरचंदे, म्हणजे चर्चच्या सांगण्यावरून ठेवलेला आमचा वर्षभराचा साठा, वॉर्डातील, म्हणजे आमच्या भागातल्या चर्चमंडळीतील, गरजू कुटुंबाला. गहू २००४ चा आहे. पेरला तर उगवेल की नाही सांगता येत नाही, पण दळला तर भाकरी होते. मी करून पाहिली आहे.

कलम ४. हत्यारे, पाइप रेंच आणि बर्फ काढायचे यंत्र ऑर्विल यांना, भोपळ्यांचा राग न धरता.

कलम ५. हे कलम मोठे आहे. बाकीची कलमे याच्या आडोशाला लिहिली आहेत, हे आता कबूल करतो.

सन २०१३ ते २०१८ मी आमच्या वॉर्डचा बिशप होतो. आमच्याकडे बिशप म्हणजे कोणी पुरोहित नव्हे. शेजारच्या गल्लीतला माणूस, पाच वर्षांसाठी, बिनपगारी. मंदिर हे रविवारच्या चर्चहून वेगळे, लग्नासारखे मोठे विधी तिथे होतात. आत पाऊल ठेवायचे तर परवाना लागतो, आणि तो बिशप मुलाखत घेऊन देतो. प्रश्न ठरलेले असतात. त्यातला एक आरोग्याच्या नियमाचा: दारू नाही, तंबाखू नाही, चहा नाही, कॉफी नाही. ग्रंथातला मूळ शब्द "गरम पेये" असा आहे.

माझी थोरली बहीण लारे शाळेची बस चालवते. तेव्हाही चालवत होती. तिचा नवरा जाऊन पाच वर्षे झाली होती. तिची एकुलती मुलगी ब्रिनली हिचे लग्न नोव्हेंबर २०१६ मध्ये मंदिरात ठरले होते, आणि सप्टेंबरात लारेचा परवाना संपला. ती शाळा सुटल्यावर बसच्या जॅकेटमध्येच माझ्यासमोर येऊन बसली.

मी तो प्रश्न विचारला. ती म्हणाली, "पहाटे साडेचारला एक कप कॉफी घेते."

"रोज?"

"शाळा असेल त्या दिवशी. मागच्या जानेवारीत घाटातल्या वळणावर माझा डोळा लागला, थेन. क्षणभरच. मागे चौतीस पोरं होती. दुसऱ्या दिवसापासून घेते."

"सोडता येईल?"

"जूनमध्ये सोडते. यंदाचा बर्फ पडून सरेपर्यंत नाही."

"लग्न नोव्हेंबरात आहे, लारे."

"लग्न कधी आहे ते मला नको सांगूस. मुलगी माझी आहे."

माझ्या टेबलावर माझा मोठा पेला होता. रोज दुपारी कोपऱ्यावरच्या दुकानातून आणायचो तो, काठोकाठ कोला, नारळाचे सरबत घातलेला. कोल्याला आमच्यात बंदी नाही. लारेने त्याच्याकडे पाहिले आणि म्हणाली, "बिशपसाहेब, यात नसतं का ते?"

मी वर्गात मुलांना दरवर्षी कॅफिन वेगळे काढून दाखवतो. त्या पेल्यात तिच्या कपापेक्षा कमी नव्हते, हे त्या खोलीत मला सर्वांत चांगले माहीत होते. मी म्हणालो, "नियम कॅफिनचा नाही, कॉफीचा आहे."

"थंड आहे म्हणून चालतं होय," ती म्हणाली, आणि हसली. तिला वाटले मीही हसेन आणि सही करीन.

मी सही केली नाही.

येथे नेमकेपणाने लिहिले पाहिजे. ती "हो, पाळते" एवढेच म्हणाली असती तर मी सही केली असती. त्याच महिन्यात चार जण तसे म्हणून गेले होते. एकाच्या कोटाला कॉफीचा वास होता, मी खिडकी उघडली आणि सही केली. खोटे बोलणाऱ्यांना मी आत सोडले. खरे बोलली त्या बाईला बाहेर ठेवले, कारण ती माझी बहीण होती आणि बहिणीला सवलत दिली असे कोणी म्हणू नये अशी माझी इच्छा होती. त्या वेळी मी याला तत्त्व म्हणालो. त्या दिवशीच्या डायरीत "कठीण पण योग्य" असे लिहिले आहे. ते पान मी फाडलेले नाही.

लग्नाच्या दिवशी मी आत होतो. लारे बाहेर हिरवळीवर, परक्या पाहुणीसारखी, नवऱ्यामुलाच्या परधर्मी आजोबांना सोबत करत बसली होती. बाहेर आल्यावर फोटोत ती सगळ्यांच्या मधोमध उभी आहे आणि तिचे नाक थंडीने लाल झाले आहे.

इथवरचे लोक विसरले असते. पुढचे विसरले नाहीत, आणि पुढचे माझे एकट्याचे आहे.

हिरवळीवरच नवऱ्यामुलाच्या आईने मला बाजूला घेतले. "असं काय केलंय हो तुमच्या बहिणीनं?" मी म्हणालो, "मुलाखतीतलं बोलता येत नाही, सिस्टर." हे नियमाला धरून होते. पण तिने भुवया उंचावल्या, आणि मला कळले की तिने काय अर्थ काढला. नुसत्या कॉफीसाठी सख्खा भाऊ सख्ख्या बहिणीला मुलीच्या लग्नापासून अडवील, हे आमच्या गावात कोणाला खरे वाटणार नव्हते. म्हणजे काहीतरी मोठे असणार. ख्रिसमसपर्यंत त्या मोठ्या गोष्टीला नाव मिळाले: बसडेपोतला मेकॅनिक, दोन मुलांचा बाप.

लारे मुलीला सांगत होती, "अगं, कॉफी होती." ब्रिनली म्हणायची, "आई, कॉफीसाठी थेनमामा तुला अडवील? तो?" माझा चांगुलपणाच तिच्या आईविरुद्धचा पुरावा झाला.

एप्रिलमध्ये ब्रिनली माझ्या वर्गात आली, मुले गेल्यावर. दार लावून घेतले. "मामा, काय होतं ते नको सांगूस. फक्त एवढं सांग, त्या माणसाचं नव्हतं ना?"

"नव्हतं" म्हणायला मला कोणताही नियम आडवा येत नव्हता. जे मुलाखतीत आलेच नाही ते गुप्त कसे असेल? पण "नव्हतं" म्हटले की पुढचा प्रश्न "मग काय?" हा आला असता, आणि मग मी कशासाठी अडवले ते तिने ओळखले असते. मी म्हणालो, "मी नाही बोलू शकत, बेटा." आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

ती सेंट जॉर्जला राहायला गेली. लारेने आपला नातू आठ वर्षांत तीनदा पाहिला आहे. आम्ही बहीणभाऊ दुकानात भेटलो तर हवेबद्दल बोलतो.

माझ्या पहिल्या कपाबद्दल: २०२०, बॉइसीतील शिक्षकांचे शिबिर, सकाळचे आठ. एका बाईने विचारले, "घेणार?" मी "हो" म्हणालो. घाट नव्हता, बर्फ नव्हता, मागे पोरे नव्हती. मला झोपही आली नव्हती. चव बरी होती, एवढेच. लारेला कारण होते; मला नव्हते. पुढे चर्चवरचा विश्वास गेला त्याला इतर कारणे आहेत, पण सुरुवात विचाराने झाली असे मी सांगू लागलो तर ते खोटे ठरेल.

म्हणून: वडिलांनी मुलगा म्हणून मला दिलेले, लारेला न दिलेले, गावाच्या पूर्वेचे दहा एकर शेत, त्यावरील लसूणघास आणि पाण्याचे सहा हिस्से यांसह, मी लारे हिला देतो.

कलम ६. श्रद्धावान सभासदाला पुरतात तसे मला मंदिराच्या वस्त्रांत पुरू नये. करडा सूट चालेल. शॉनाला याचा त्रास होईल. त्याबद्दल मी तिची क्षमा मागतो, पण जमिनीखाली तरी मला खोटे बोलायचे नाही. दफनानंतरच्या जेवणात चीज घातलेले बटाटे नेहमीप्रमाणे असावेत. कॉफी ठेवू नये. चर्च सोडलेल्यांच्या एका मेळाव्याला मी एकदा गेलो होतो, प्रोव्होतल्या कॉफीच्या दुकानात. एकेक जण उठून आपल्या पहिल्या कपाची गोष्ट सांगत होता, डोळ्यांत पाणी आणून, अगदी महिन्याच्या पहिल्या रविवारी आपण चर्चमध्ये उठून श्रद्धेची साक्ष देतो तशी. बाकीचे टाळ्या वाजवत होते. माझी पाळी आली तेव्हा मी गाडीत काहीतरी विसरल्याचे सांगून बाहेर पडलो. त्यांची चेष्टा करत नाही. त्यांनी कोणाला बाहेर बसवले नसेल, एवढेच.

कलम ७. कलम पाच माझ्या दफनानंतरच्या जेवणात, ब्रिनली हजर असताना, शॉनाने मोठ्याने वाचून दाखवावे.

येथवर अठरा जानेवारी. पुढील मजकूर दोन फेब्रुवारीचा.

कागद मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला. मुद्दाम ठेवला की विसरलो, हे ठरवता येत नाही. शॉनाने चष्मा लावून सगळा वाचला. हातदळणीचे कलम वाचून म्हणाली, "डबे मी दर वसंतात पुसते, थेन. तुला काय वाटलं, ते आपोआप स्वच्छ राहतात?" मग कलम सातवर बोट ठेवले.

"म्हणजे मेल्यावर सांगणार तू."

"मी गेल्यावर निदान..."

"आणि वाचायचं मी. सगळे माझ्याकडे बघत असताना. छान सोय आहे." तिने कागद माझ्याकडे सरकवला. "मी नाही वाचणार. पाप तुझं, तोंड तुझं. अकरा तारखेच्या आत."

आज रविवार. लारेकडे गेलो. तिने दारातच, उभ्याने वाचले. वाचून झाल्यावर पहिले पान पुन्हा वर घेतले. मग विचारले, "याला साक्षीदार लागतात ना?"

"दोन."

"साक्षीदाराला यातलं काही मिळतं?"

"नाही. ज्याला काही मिळायचंय त्यानं साक्षीदार होऊ नये, असं वकील सांगतात."

"मग मी साक्षीदार होते."

"लारे, शेत..."

"शेत शॉनाला दे. मला शेत नको होतं रे. ब्रिनलीनं तुझ्या वर्गात विचारलं ना, तेव्हा 'नव्हतं' एवढा एक शब्द हवा होता मला. दहा एकरांत तो बसत नाही."

तिने फोन टेबलावर ठेवून ब्रिनलीला लावला, आवाज मोठा केला आणि मला म्हणाली, "वाच."

मी कलम पाच वाचले. मध्ये पलीकडे मुलाने काहीतरी सांडले. ब्रिनली त्याला रागावली नाही. मी संपवल्यावर तिने विचारले:

"फक्त कॉफी?"

"फक्त कॉफी."

"मी विचारलं होतं तुला, मामा. दार लावून विचारलं होतं."

"हो."

"आणि तू मला बेटा म्हणालास."

फोन बंद झाला. मी काही बोलायला तोंड उघडले तर लारे म्हणाली, "गप्प बस आता. त्यात तू पटाईत आहेस." दहाएक मिनिटांनी फोन वाजला. मला नव्हता. लारे तो घेऊन अंगणात गेली, कोट न घालता, आणि मी हे लिहीत असताना अजून बाहेरच आहे. पाऊण तास झाला.

त्यामुळे दुरुस्ती अशी: कलम ५ मधील शेताचे दान साक्षीदाराच्या इच्छेने रद्द, शेत शॉनाला. कलम ५ मधील बाकीचा मजकूर कायम. कलम ४ रद्द: दुसऱ्या साक्षीसाठी ऑर्विल यांना इथेच बोलावले आहे, म्हणून हत्यारेही शॉनाला. कलम ७ रद्द. वाचन झाले आहे. ब्रिनलीने मला क्षमा केलेली नाही, आणि या मृत्युपत्रातील कोणत्याही शब्दाचा अर्थ मी ती मागितली असा लावू नये. मागायचा हक्क मी त्या एप्रिलमध्ये घालवला.

हे सर्व मी वाचले आहे, समजून घेतले आहे, आणि ते माझे आहे.

एफ्रम, युटा. २ फेब्रुवारी २०२५.

थेन लोरिन मॅडसन (सही)

साक्षीदार पहिला: ऑर्विल निल्सन, शेजारी. मृत्युपत्र करणाऱ्याने माझ्यासमोर सही केली. मजकूर मी वाचला नाही, तो म्हणाला भोपळ्यांचं काहीतरी आहे.

साक्षीदार दुसरी: लारे मॅडसन क्रिस्टनसन, वय त्रेपन्न, स्कूलबस चालक. सही माझ्यासमोर झाली. मजकूर मी वाचला आहे. मला यातून काही मिळायचं नाही. कलम पाच खरं आहे. सही करायला उशीर झाला, कारण मी मुलीशी बोलत होते.