उमेंद्र बेपत्ता आहे

४ मे
रागातच लिहितेय. उमेंद्रचा फोन – सुट्टीचं अजून काही खरं नाही म्हणे. तिसऱ्यांदा! गुंजन सहा वर्षांची होईल, बापासोबत सगळे मिळून सात महिने काढले असतील लेकीनं. मी म्हटलं, "तुला समुद्रच पाहिजे ना, मग तिथंच राहा." फोन ठेवला. त्याचा परत आला. उचलला नाही.

६ मे
लढाई लागली. टीव्हीवर नुसती जहाजं. त्याचा फोन बंद.

७ मे
बंद.

१० मे
मामाजी, म्हणजे माझे सासरे, आज धानाच्या बांधीवर गेले नाहीत. दिवसभर लेकाच्याच गोष्टी. बोदलकशाच्या तलावात ढिवरांचं जाळं तळाशी अडकलं की दहा वर्षांचा उमेंद्र बुडी मारून सोडवून द्यायचा. पहिल्या भरतीत छाती कमी भरली. दुसऱ्या वेळी सौंदडच्या भुवनेश्वरसोबत गेला, दोघंही नौदलात लागले. मग स्वतःहून मरीन कमांडोसाठी नाव दिलं. अर्धी पोरं ट्रेनिंग सोडून पळतात, हे दोघं टिकले. मामाजी म्हणाले, "आमच्या सात पिढ्या धानात गेल्या. ह्याले पाणीच लागे."
सांगताना हसत होते. मी पण हसले.

१३ मे
नौदलाचे दोन साहेब आले, सोबत तिरोड्याची पोलीस गाडी. सासूबाईंनी पदरानं खुर्च्या पुसल्या. साहेब हिंदीत, अगदी हळू बोलले. कामगिरीवर असताना रबरी होडीवर मारा झाला. उमेंद्र बेपत्ता. शोध चालू आहे.
मी विचारलं, बेपत्ता म्हणजे जिवंत ना? ते परत म्हणाले, शोध चालू आहे.
सासूबाईंना हिंदी समजेना. एकेकाला विचारत होत्या, "का म्हणून राहिला तो साहेब?" कुणी सांगेना. शेवटी मीच सांगितलं – अजून सापडला नाही म्हणतात.
४ तारखेला मी काय बोलले ते कुणालाच माहीत नाही. फक्त ह्या वहीला.

१९ मे
शोध थांबवला. फोनवर कळवलं.
इतक्यात दमले?

२५ मे
शरीर नसलं तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, असं भटजींनी मामाजींना सांगितलं. मामाजी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे. आत आले नाहीत. "बाई, तू हो म्हणशील तरच. नाही तर नाही."
मी म्हटलं, पानांचा नवरा जाळायला हो म्हणू?
ते मागल्या अंगणात गेले. सात वर्षांत पहिल्यांदा त्यांचं रडणं ऐकलं.

८ जून
भुवनेश्वर आला. हात प्लास्टरमध्ये. खुर्ची दिली तरी सासूबाईंच्या पायाशी जमिनीवरच बसला. म्हणाला, "मले त्यानं होडीत वर ढकललं. मग दुसऱ्याले आणलं. तिसऱ्यासाठी गेला अन् होडी फुटली. मी हाका मारत राहिलो, मावशी."
सासूबाई त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या.
रस्त्यापर्यंत सोडायला मी गेले. घरचं काही बोलला होता का, विचारलं. तो थांबला. मग सांगितलं – ५ तारखेला उमेंद्रची सुट्टी मंजूर झाली होती. फोन करणार नाही, सरळ दारात जाऊन उभा राहतो, म्हणत होता. बॅग भरलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी लढाई लागली, तर बॅग तशीच ठेवून साहेबाकडे गेला आणि सुट्टी परत केली.
"त्याले कोणी रोखलं नव्हतं, वहिनी. मीच म्हटलं, जा घरी."

९ जून
येत होता. माझ्या बोलण्यावर रुसला नव्हता.
येत होता, आणि आला नाही! कुणावर चिडू? त्याच्यावर चिडायला जाते तर भुवनेश्वर दिसतो, जमिनीवर बसलेला, जिवंत. त्यालाही आई आहे.

१५ जून
काही नाही. जेवले.

१ जुलै
गुंजनला पहिलीत घातलं. बाईंनी फॉर्म पुढे केला. वडिलांच्या नावाच्या रकान्यात मी आधी 'कै.' लिहिलं, मग उमेंद्र. बाईंनी विचारलं नव्हतं.