दहाव्या दिवसापर्यंत

चिचटोला, ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया
सोमवार, दि. १० नोव्हेंबर २०२५

चि. रंजितास,

सप्रेम जय भीम आणि आशीर्वाद. तू, श्री. बुद्धभूषण आणि बाळ तिघेही सुखरूप असाल, असे गृहीत धरतो. पत्र पाहून तुला नवल वाटेल. फोन असताना टपालाचा खटाटोप कशाला, असे तू विचारशील. फोनवर तू माझा आवाज लगेच ओळखतेस, एवढेच तूर्त सांगतो.

अक्षर नेहमीचे नाही, हेही तुझ्या ध्यानात येईल. मी डाव्या हाताने लिहीत आहे. कारण पुढील पत्रात लिहीन.

गावाकडे धानाची कापणी संपत आली. इटियाडोह धरणाच्या कालव्याच्या पाण्याची शेवटची पाळी यंदा वेळेवर मिळाली. मी निवृत्त होऊन सात वर्षे झाली तरी लोक अजून मलाच पाळीची तारीख विचारतात. केवलरामची कालवड दिवाळीनंतर गेली. पोळ्याच्या सुमारास बांधावरून एक कोल्हा भरदिवसा गावात शिरला होता, तो तिला चावला होता. शेवटी ती पाण्याच्या टाक्याजवळ उभी राहून हंबरत असे, पण पाणी पीत नसे. तो कोल्हा पुढे कोठे गेला, हे कोणास ठाऊक नाही. श्यामलालच्या गोदामामागे त्याला पाहिल्याचे दोघे-तिघे सांगतात.

श्यामलालच्या गोदामामागे सोनी बांधलेली असते, हे तुला आठवत असेल. तो तिला नावाने हाक मारीत नाही. सोनी हे नाव तुझ्या आईने ठेवले. धानाच्या राखणीला कुत्री तिखट हवी, म्हणून तो तिला दिवसभर टिनाखाली बांधून ठेवतो, एक दिवसाआड खायला घालतो, तेही मिरचीचा ठेचा कालवलेला भात. भुंकली नाही तरी मार आणि नको तेव्हा भुंकली तरी मार. गळ्यात पट्टा घातला नाही, कुंपणाची तार घातली. पिल्लू असताना बांधली, ती पुन्हा कधी सैल केली नाही. कुत्री वाढली आणि तार कातडीत शिरली. वाऱ्याची दिशा बदलली की वास आपल्या पडवीपर्यंत येतो.

तुझी आई कुडाच्या फटीतून तिला साधा भात देत असे. तिला जाऊन परवा चार महिने झाले. तेव्हापासून मी देतो. दुपारी श्यामलाल धान खरेदीच्या केंद्रावर असतो, तेव्हा.

सोनीसाठी काही करावे, असे मी ठरविले आहे. ते काय, हे अजून पुरते ठरलेले नाही. पुढच्या मंगळवारपर्यंत, म्हणजे अठरा तारखेपर्यंत, मला तिच्यावर रोज नजर ठेवणे आवश्यक आहे. ती खाते का, पाणी पिते का, हे मी सकाळ-संध्याकाळ वहीत नोंदवीत आहे. काल तिने भात खाल्ला. पाणीही प्याली.

बाळाला थंडीत उघड्या पायांनी फिरू देऊ नये.

तुझा
बाबा


चिचटोला
गुरुवार, दि. १३ नोव्हेंबर २०२५

चि. रंजितास,

सप्रेम जय भीम. काल तुझा फोन आला तेव्हा मी दोन मिनिटांत आटोपते घेतले, याबद्दल तू रागावली असशील. पत्र तोवर पोचले नव्हते, हे बरे झाले. मी हे टपालाने का लिहीत आहे, ते आज सांगतो. आपल्या गावचे टपाल नागपुरास पोचायला चार-पाच दिवस लागतात. तू परिचारिका आहेस. तुला आधी कळले असते तर तू त्याच दिवशी येऊन मला घेऊन गेली असतीस. म्हणून.

शनिवारी दुपारी मी पक्कड घेऊन कुडातून पलीकडे गेलो. परवानगी घेतली नाही. सोनी माझ्या पायाशी येऊन बसली. तार तीन ठिकाणी कापावी लागली. शेवटचा तुकडा मांसातून ओढला, तेव्हा ती चावली. उजव्या हाताला, अंगठा आणि तर्जनी यांच्या मध्ये. दात खोल गेले. लगेच सोडून ती खाली मान घालून थरथरत राहिली. मी तिला तिच्याच दोरीने सैल बांधले, घरी आलो आणि साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात पंधरा मिनिटे धरला. घड्याळ समोर ठेवले होते.

ती वेदनेने चावली, असे मला वाटते. पण मला वाटणे हा पुरावा नव्हे. चावलेले जनावर दहा दिवस धडधाकट राहिले तर ते पिसाळल्याची भीती नसते. म्हणून अठरा तारीख. इंजेक्शन मात्र दहा दिवसांची वाट न पाहता त्याच दिवशी सुरू करावयाचे असते. हे तू जाणतेस. मीही जाणतो.

सोमवारी तुझे पत्र पेटीत टाकून मी आरोग्य केंद्रात गेलो होतो. तेथे आपल्याच गावची धुरपता नोंदी करते. तिने वही उघडली आणि विचारले, "काका, कुत्रा मोकाट होता का पाळलेला? पाळलेला असन तर मालकाचं नाव सांगा."

गेल्या वर्षी पलीकडच्या टोल्याच्या वस्तीत एका घरची कुत्री मुलाला चावली. त्या मुलाचे नाव वहीत चढले, आणि संध्याकाळच्या आत कुत्री हापशीजवळ काठ्यांनी मारली गेली. ती आजारी नव्हती, हे मागाहून कळले. श्यामलालचे नाव मी सांगितले असते तर सोनीचेही तेच झाले असते. मोकाट म्हटले असते तर वाचली असती. रंजिता, चौतीस वर्षे मी कालव्याच्या वहीत कोणाच्या शेताला किती पाणी गेले ते लिहिले. खुद्द तुझ्या मामांनी दोन तास कमी लिहायला सांगितले, तेव्हाही लिहिले नाही. त्यावरून त्यांनी आपल्या घरी येणे सोडले. मोकाट हा शब्द माझ्या तोंडातून निघाला नाही. धुरपताला म्हटले, नंतर येतो. आणि उठून आलो.

आता कालचे. श्यामलालला गळ्यातली तार गेल्याचे चार दिवस कळलेच नाही. तो जवळ जातो कुठे? पण जखम उघडी पडल्याने वास वाढला आणि धान मोजायला आलेली माणसे नाके मुरडू लागली. काल सकाळी तो कोणाला तरी मोठ्याने सांगत होता, की पोत्यात घालून कालव्यापलीकडे फेकून देतो. मी ऐकले. चप्पल घालून सरळ त्याच्या दारी गेलो आणि ती कुत्री मला द्यावी, अशी विनंती केली.

तो खाटेवर बसून दात कोरत होता. म्हणाला, "बाई गेली म्हून कुत्री पायजे का काका?" बाजूची दोन माणसे हसली. मी उभाच राहिलो. मग त्याला काय वाटले कोण जाणे, म्हणाला, न्या बाप्पा, माझी पीडा टळली. मी वळणार तेवढ्यात त्याची नजर माझ्या पट्टीवर गेली.

"हात काऊन बांधला? चावली का तुमाले?"

"नाही," मी म्हणालो. "विळीवर कापला."

"काकू गेल्यापासून भाजी तुमीच चिरून राहिले वाटते," तो म्हणाला, आणि पुन्हा हसू झाले. मग हसू थांबवून म्हणाला, "येक आयकून ठेवा. उद्या कोणाले चावली, तर तुमच्या आंगणात येऊन मारीन. मंग म्हणू नोका."

मी मान डोलावली. आता वहीत मालक म्हणून माझे नाव चढले, तरी काठ्या याच अंगणात येतील, म्हणून अठरा तारखेपर्यंत मी केंद्रात जात नाही.

सोनी आता आपल्या न्हाणीघरात आहे. गळ्याला हळद लावली आहे. तुझ्या आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी गळ्यात सैल बांधली आहे. आज तिने भात खाल्ला, पाणी प्याली, आणि मी दारात बसलो तेव्हा शेपटी एकदा हलविली. पाचवा दिवस.

जे लिहायचे टाळत होतो ते लिहून टाकतो. तुझ्या आईने मला लग्नानंतर सदतीस वर्षांत फार थोडे मागितले. शेवटच्या महिन्यात, उठवत नव्हते तेव्हा, तिने खिडकीकडे तोंड करून म्हटले होते, "अजी, तिच्या गळ्याची तार तेवढी काढून द्या." मी तिला समजावून सांगितले, की जनावर दुसऱ्याच्या मालकीचे आहे, आपल्याला हात लावता येत नाही. तिने पुन्हा विचारले नाही. अंत्यसंस्काराच्या दिवशी तू माझ्याशी बोलली नाहीस, ते यामुळेच असावे; ती तुलाही म्हणाली होती, हे मला नंतर समजले.

पाच मिनिटांचे काम होते. पक्कड तेव्हाही घरातच होती.

बाबा


चिचटोला
रविवार, दि. १६ नोव्हेंबर २०२५, सकाळ

चि. रंजिता,

जय भीम. हे पत्र टपालाने पाठवीत नाही, आणि फोनवर हे माझ्याने सांगवत नाही. केवलराम दुपारच्या बसने नागपुरास निघाला आहे. तो तुझ्या इस्पितळात येऊन तुझ्याच हातात देईल. गुरुवारचे पत्र तुला अजून मिळाले नसेल, म्हणून आधी एवढे सांगतो: आठ तारखेला तार कापताना सोनी माझ्या उजव्या हाताला चावली, आणि मी इंजेक्शन घेतलेले नाही.

आज आठवा दिवस. वहीतील नोंद जशीच्या तशी देतो. काल सकाळी: अर्धा भात खाल्ला. काल संध्याकाळी: भात तोंडात घेतला, गिळता आला नाही, खाली पडला. पाणी नाही. आज सकाळी: पाण्याचे भांडे समोर सरकविले तेव्हा मान वळविली. आवाज घोगरा. लाळ आहे.

गळ्याची जखम आतपर्यंत चिघळली असेल, तर हे सर्व त्यानेही होऊ शकते. तार काढली त्या जागी सूज वाढली आहे, हे खरे आहे. केवलरामच्या कालवडीचे असेच झाले होते, हेही खरे आहे. मी दोन्ही कारणे लिहू शकतो. त्यांतले एक खोडू शकत नाही.

न्हाणीघराचे दार बाहेरून बंद ठेवले आहे. भांडे काठीने सरकवितो. ती मला पाहून अजूनही उठण्याचा प्रयत्न करते. गुरगुरत नाही.

काल धुरपता माझी चौकशी करायला निघाली. मी नाव न लिहिता उठून गेलो, याची तिला काळजी लागली होती. तिचे काही चुकले नाही. ती आधी शेजारच्या श्यामलालकडेच विचारायला गेली, की काका बरे आहेत ना, कुत्रा चावला म्हणत होते. तेव्हा सर्वांना कळले.

आज सूर्य वर येताच श्यामलाल आणि आणखी तिघे काठ्या घेऊन फाटकाशी आले. मी आतून कुलूप घातले होते. मी त्यांना सांगितले, की मंगळवारी दहा दिवस पूर्ण होतील. तोवर ती बंद आहे, बाहेर येणार नाही.

श्यामलाल या वेळी हसला नाही. म्हणाला, "तुमी मायासंग खोटं बोलले काका. तुमी. आता तुमच्या दाराची कडी पक्की हाये, हे मी कायच्यावर मानू? गल्लीत लेकरं खेळून राहिली."

त्याने तिला कसे ठेवले, ते मी त्याला त्या क्षणी ऐकवू शकलो असतो. पण तो म्हणाला ते चूक नव्हते. या गावात माझ्या शब्दावर लोक पाणी सोडत आणि बंद करीत. आज माझ्या कडीवरही कोणाचा विश्वास नाही.

धुरपता कुडाशी येऊन रडवेली झाली. मोटरसायकल आणली आहे, आत्ता चला, पहिले इंजेक्शन घ्या, तासाभरात परत आणून सोडते, असे तिने तीनदा सांगितले. मी निघालो तर तो एक तास त्यांना पुरेसा आहे. ते चौघे अजून समोरच्या पारावर बसले आहेत. मधूनमधून एक जण उठून फाटकापर्यंत येतो, कुलूप हलवून पाहतो आणि परत जातो. मी धुरपताला नाही म्हटले. हे शहाणपणाचे नाही, हे मला समजते. तिला कळवळून सांगावे असे माझ्याकडे काही नव्हते. फक्त एकदा एका बाईला मी नियम सांगितला होता आणि तिने तोंड भिंतीकडे केले होते.

हाताची जखम वरून भरली आहे. काल रात्रीपासून त्या जागी मुंग्या येतात. भरणाऱ्या जखमेला मुंग्या येतातच, असे म्हणतात. ताप नाही. तू विचारशील म्हणून लिहितो: मी सकाळी एक पेला पाणी प्यालो. सरळ प्यालो.

तुझ्याकडून मला दोन गोष्टी हव्यात. एक, जनावरांचा डॉक्टर. काठी नव्हे, डॉक्टर. ती वाचणारी नसेल तर तिला सुईने जाऊ दे, कोणाच्या हातात दगड किंवा काठी नसताना. आणि दार उघडेल तेव्हा मी तिच्याजवळ असेन. वाचणारी असेल तर तो गळा धुवील. दोन, माझ्यासाठी जे काही आणायचे ते तू जाणतेस. आठ दिवस उशीर झाला आहे, तरी ते उपयोगी पडते का, हे मला ठाऊक नाही. तुला असेल.

येताना हातमोजे घाल. बाळाला आणू नकोस. फाटकाशी आल्यावर मोठ्याने हाक मार, म्हणजे त्या चौघांना तू कोण ते कळेल आणि मी कुलूप काढीन. दुसऱ्या कोणाच्या हाकेला मी ते काढणार नाही.

पहिली दोन पत्रे मी टपालाने धाडली, कारण तू येऊ नयेस अशी माझी इच्छा होती. येण्याची घाई करू नकोस, असे याही पत्राच्या शेवटी लिहायला घेतले होते. लिहवले नाही. एका आठवड्यात दुसरे खोटे माझ्याने होणार नाही.

फाटकाच्या आतल्या बाजूला बसलेला,
तुझा बाबा